पार्किंग ७०३

दर जूनमध्ये मुलीच्या शाळेतून एक फॉर्म येतो. दोन्ही बाजूंनी छापलेला, मागच्या वर्षीचीच माहिती पुन्हा मागणारा. रक्तगट, कशाची ॲलर्जी, व्हॅनच्या काकांचा नंबर, घ्यायला येणाऱ्यांचे फोटो. शेवटून दुसरा रकाना असा: ‘पालकांशी संपर्क न झाल्यास कोणाला कळवावे? (पुण्यातील व्यक्ती)’. त्याखाली तीन चौकटी. पूर्ण नाव. मोबाइल. नाते.

२०२२च्या जूनमध्ये नागपूर सोडून आम्ही बावधनला राहायला आलो, त्याच आठवड्यात हा फॉर्म पहिल्यांदा हातात पडला. सामान अजून बांधलेलंच होतं. पुस्तकांचं एक खोकं उलटं घालून त्याचं टेबल केलं होतं. बायको त्यावर पटापट लिहीत गेली आणि त्या रकान्यापाशी थांबली.

‘इथे कोणाचं घालू?’

‘दादाचं घाल.’

‘दादा धरमपेठेत राहतो. पुण्यातली व्यक्ती पाहिजे.’

कंसातल्या त्या दोन शब्दांकडे आम्ही दोघंही जरा वेळ बघत राहिलो. ओळखीचे होते तसे. ऑफिसातले चौघे, बायकोच्या मावससासऱ्यांचं निगडीतलं कुटुंब, घर दाखवणारा एजंट. पण मुलगी तापानं फणफणलेली असताना ज्याचा फोन वाजावा असं त्यातलं कोणी नव्हतं. शेवटी तिनं दादाचंच नाव लिहिलं. सातशे किलोमीटरांवरून दादा कधी पोचणार होता देव जाणे, पण चौकट तर भरली.

नागपुरात मी मित्र केल्याचं मला आठवत नाही. ते होतेच. मास्तरांनी बाकावर शेजारी बसवलं म्हणून एक, एकाच उतारावर दोघांच्या सायकलींची चेन पडली म्हणून दुसरा. संध्याकाळी फाटकाबाहेर स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजायचा की पायात चप्पल अडकवून शंकरनगरच्या ठेल्यावर. काय बोलायचो, कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. ‘काय करून राहिला बे?’ एवढ्यावर दीड तास जायचा. ठेल्याला पुण्यात टपरी म्हणतात हे येण्याआधी माहीत होतं. टपरीवर एकटं उभं राहिलं की चहा फार लवकर संपतो, हे इथे आल्यावर कळलं.

आमची लेक पहिल्याच संध्याकाळी खाली खेळायला गेली आणि अर्ध्या तासात दोघींना घेऊन पाणी प्यायला वर आली. त्या दोघींमुळे आमच्या फोनमध्ये पुण्यातली पहिली नावं आली: अमकीची आई, तमकीचे बाबा. पुढे अशी वीस-पंचवीस झाली. एखादीशी गेटपाशी रोज दहा मिनिटं बोलणं व्हायचं, तिच्या सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे हेही ठाऊक असायचं; पण तिला स्वतःला नाव आहे हे लक्षात यायला कुरिअरवाल्यानं मोठ्यानं हाक मारावी लागायची. मीही बऱ्याच फोनमध्ये कोणाचा तरी बाबा म्हणून पडून असणार. गैरसोय काही नव्हती. फक्त असं वाटायचं, की आपण इथे पोरीचं बोट धरून आलो आहोत. तिनं हात सोडला तर आपल्याला कोणी आत घेणार नाही.

पुणेकरांच्या तिरकसपणाविषयी गावाकडून इतकं ऐकून आलो होतो, की तो अनुभवायची थोडी उत्सुकताच होती. निराशा झाली. आमच्या इमारतीत पेठेतलं म्हणावं असं एकच घर निघालं आणि त्या घरातल्या आजींनी तिसऱ्या दिवशी मेतकूट आणून दिलं. बाकी सगळे लातूर, सांगली, जळगाव, इंदूर. सगळेच कुठून तरी आलेले आणि सगळेच एकमेकांना पुणेकर समजून जपून वागणारे. लिफ्टमध्ये भेटले की ‘या एकदा घरी’ म्हणायचे. आम्हीही ‘तुम्हीच या’ म्हणायचो. वार ठरला नाही की हे वाक्य वर्षानुवर्षं टिकतं, खराब होत नाही, असं माझं मत झालं आहे.

गावाहून येताना आम्ही कूलर आणला. ट्रकवाल्यानंही विचारलं होतं, ‘साहेब, हा पण?’ पण वाळ्याच्या ताट्या लावलेला तो लोखंडी कूलर बाबांनी घेतलेला होता आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की अख्खं घर त्याच्यासमोर सतरंजी टाकून झोपायचं. पुण्यात त्याला काम नव्हतं. बाल्कनीत उभा राहिला, आत कांदे आणि लेकीची बॅट ठेवायला लागलो. एके दिवशी समोरच्या इमारतीतल्या एक बाई खालून हात करून ओरडल्या, ‘तुम्ही अमरावतीचे का हो?’ त्या अकोल्याच्या. कूलरवरून ओळखलं म्हणाल्या. बायको त्या दिवशी चार मजले खाली धावत गेली, लिफ्टसाठी थांबलीसुद्धा नाही.

बायकांचं जमतं, पुरुषांचं जमत नाही, असं मी लिहिणार होतो. पण बायको म्हणाली, जमतं वगैरे काही नाही, आमच्यासाठी कोणीतरी आधीच सोय करून ठेवलेली आहे. खरं आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू काय, मंगळागौर काय, अनोळखी बाईच्या घरात शिरायला पंचांगानंच परवानगी दिलेली. त्या वर्षी नवरात्रात इमारतीत भोंडला झाला. पाटावर हत्ती काढून भोवती फेर धरलेला. बायकोकडे भुलाबाई, भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गाणी. चाली निराळ्या, पण सासर वाईट आणि माहेर गोड हा मजकूर तोच, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापासून ती बिनधास्त मिसळली. मग खिरापत ओळखायची वेळ आली. तिनं डबा हलवला. आवाज नाही. गोड का तिखट? तिखट. तळलेलं? हो. कोथिंबीरवडी? जवळजवळ. पंधरा मिनिटं कोणाला सांगता येईना. शेवटी तिनं ऐटीत जाहीर केलं, ‘सांबारवडी!’ आणि एकदम शांतता पसरली. मग एकीनं हळूच विचारलं, ‘मग सांबार वेगळं आणलंय का?’

कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे समजावून सांगण्यात ती संध्याकाळ गेली. डबा रिकामा होऊन आला नाही. चार दिवसांनी आला, लातूरकडच्या शेंगाचटणीनं भरून. तो पाठवला होता सातव्या मजल्यावरून. सातशे तीनमधून.

आता इथे मला जरा मागे जायला हवं, आणि ते सांगायला लाज वाटते.

ऑगस्टमध्ये आमच्या पार्किंगच्या जागेत एक स्कूटर अर्धं चाक आत करून लावलेली असायची. वॉचमनला दोनदा सांगून झालं. तिसऱ्या दिवशी मी एक कागद घेतला आणि जाड मार्करनं लिहिलं: ‘ही जागा ४०२ची आहे. आपले वाहन आपल्या जागेत लावण्याचे कष्ट घ्यावेत.’ आणि चिकटपट्टीनं सीटवर लावला. दोन महिने झाले नव्हते गावात येऊन, आणि मी पाटी लिहिली होती! सेक्रेटरीकडून नंबर घेऊन फोनमध्ये ‘पार्किंग ७०३’ असा साठवला, गरज पडली तर झापायला. गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी स्कूटरही नव्हती आणि कागदही. त्यानंतर लिफ्टमध्ये आम्ही दोघं भेटलो की मजल्यांचे आकडे वाचत उभे राहायचो. चार, पाच, सहा. मला चौथ्यावर उतरायचं असायचं, पण एकदा वाचता वाचता सातव्यापर्यंत गेलो.

तर त्या माणसाच्या घरातून शेंगाचटणी आली.

ती आली त्याच शनिवारी रात्री चांदणी चौकातला जुना पूल पाडणार होते. १ ऑक्टोबरची रात्र. महामार्ग बंद, सहाशे किलो स्फोटकं भरलेली. महिनाभरापूर्वीच नोएडाचे जुळे मनोरे पत्त्यांसारखे खाली बसताना सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेले, आणि हे कामही त्याच कंपनीकडे; त्यामुळे अपेक्षा मोठी होती. अख्खी इमारत गच्चीवर. आजींसाठी खुर्ची आणलेली, मुलं पांघरुणं गुंडाळून बसलेली, कोणीतरी थर्मासमधून चहा वाटत होतं. तीन महिन्यांत मी या लोकांना असं रात्रीच्या कपड्यांत पाहिलं नव्हतं. लुंगी, बर्म्युडा, तेल लावलेलं डोकं. रात्रीच्या कपड्यांत माणूस निम्मा ओळखीचा झालेला असतो.

कठड्याशी माझ्या शेजारी सातशे तीन उभे होते. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ते अंधाराकडे बघतच म्हणाले, ‘तुमच्या गावच्यांचंच काम म्हणायचं हे.’

‘कोण?’

‘गडकरी.’

मी म्हटलं, ‘मग चोख होईल.’

एकच्या सुमारास आवाज झाला. धप्प. पाठोपाठ धुळीचा एक ढग दिव्यांच्या उजेडात वर आला. धूळ बसली तर पुलाचा बराचसा भाग तिथेच! सळया इतक्या मजबूत होत्या म्हणे, की उरलेला भाग मशीन लावून पाडावा लागला. ‘एवढंच?’ असं एक पोरगं म्हणालं आणि गच्ची हसली. मी शेजारी पाहिलं. सातशे तीन हसत नव्हते. त्यांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत. मला वाटलं, उंचीची भीती असेल.

तेव्हा मी विचारलं नाही. आणि त्या रात्रीनंतर आम्ही एकदम मित्र झालो, असंही झालं नाही. लिफ्टमध्ये आकड्यांऐवजी एकमेकांकडे बघायला लागलो, इतकंच.

मधल्या काळात आम्ही रीतसर प्रयत्न केले. दोन जोडप्यांना शनिवारी जेवायला बोलावलं. मला त्यात एक हिशेब दिसला. दोन माणसांची मैत्री म्हणजे एक धागा. दोन जोडपी म्हटली की सहा. त्यातले दोन धागे आधीच बांधलेले, त्यांच्या गाठी कधी सैल तर कधी काचणाऱ्या. उरलेले चार जुळावेत अशी अपेक्षा. वर मुलांचे धागे वेगळे. एका घरी बायकांचं छान जमलं, आम्ही दोघे पुरुष मात्र घराचे हप्ते या विषयावर आलो आणि तिथून हललो नाही. दुसऱ्या घरी चौघांचंही जमलं असतं, पण त्यांच्या मुलानं आमच्या लेकीच्या हाताला चावा घेतला. नंतर दोन्ही घरं फार सभ्यपणे वागली आणि त्या सभ्यपणातच ते संपलं. पडद्यामागे आम्ही नवरा-बायको रात्री भांडी आवरताना ज्या चर्चा करायचो, त्या लग्नाआधीच्या कांदेपोह्यांनंतर आमच्या घरी व्हायच्या तशाच: ‘माणसं चांगली आहेत, पण…’

नागपूरला दिवाळीत गेलो की जुने मित्र जमतात. ठेला तोच, तर्री पोह्यांवर तर्री पुन्हा मागून घ्यायची सवय तीच. एकदा मी म्हटलं, तुमचं बरं आहे, तुम्ही रोज भेटता. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. एक म्हणाला, ‘अबे, मागच्या दिवाळीनंतर आम्ही आजच भेटून राहिलो. तू आला म्हणून.’ मी ज्या कट्ट्याची आठवण काढून पुण्यात उसासे टाकत होतो, तो तिथेही उठून गेला होता.

२०२३च्या जुलैतली गोष्ट. सासूबाईंच्या आजारपणामुळे बायको नागपूरला. मी दुपारी लवकर निघून व्हॅनच्या वेळेला घरी पोचायचो. त्या दिवशी पाऊस असा लागला, की हिंजवडीतून बाहेर पडायच्या रस्त्यावर गाडी तासाभरात एका पेट्रोल पंपापासून पुढच्या फलकापर्यंत गेली. साडेतीनला व्हॅन येणार. व्हॅनचे काका मुलीला वॉचमनच्या ताब्यात देत नाहीत. त्यांचा नियम, आणि योग्यच. मी फोनमधली नावं खालपासून वर बघायला लागलो. अमकीची आई नोकरीवर. तमकीचे बाबा परगावी. अकोल्याच्या बाई उचलत नव्हत्या. कांदे-बटाटेवाला, गॅस, टँकर. आणि मग ते नाव.

बोट त्या नावावर धरून मी निदान दोन मिनिटं बसलो असेन. कागदावरचं प्रत्येक अक्षर आठवत होतं. ‘कष्ट घ्यावेत.’

त्यांनी पहिल्या रिंगला उचललं. ते त्या वर्षी घरूनच काम करत. मी ‘माफ करा, एक विचारायचं होतं, तुम्हाला अडचण नसेल तर’ अशी लांबलचक सुरुवात केली. त्यांनी मध्येच तोडून विचारलं, ‘व्हॅन किती वाजता?’ आणि फोन ठेवला.

मी साडेसातला पोचलो. सातशे तीनच्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं. लेक दहीभात खाऊन मांडी घालून बसली होती आणि दोघं मिळून स्क्रू निवडत होते. लांबीप्रमाणे, मग डोक्याप्रमाणे. गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत एकेक जात. ‘बाबा, थांब, अजून गिट्ट्या राहिल्यात,’ ती म्हणाली. गिट्ट्या एका कागदी पुडीत होत्या. तिनं पुडी उलगडली. सुरकुतलेल्या कागदावर जाड मार्करनं लिहिलेलं होतं: ही जागा ४०२ची आहे.

मी पाहिलं. त्यांनी मी पाहिल्याचं पाहिलं. ‘कागद जाड आहे,’ ते म्हणाले. ‘चांगला टिकला.’

पुरुषानं पुरुषाला फोन केला की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘बोला, काय काम होतं?’ उगाच केला, असं म्हणायची आपल्याकडे सोय नाही. त्या दिवसानंतर आमच्याकडे कामं निघू लागली. पडद्याची दांडी बसवायची होती, त्यांच्याकडे ड्रिल मशीन. त्यांना एका रविवारी गावाहून आलेल्या आठ पाहुण्यांसाठी गाद्या हव्या होत्या. पुढे कामं संपली तेव्हा आम्ही ती तयार करायला लागलो. आमच्या घरात आता गरजेपेक्षा निदान सहा खिळे जास्त आहेत. बायको म्हणते, भिंत पडेल एक दिवस.

भिंतीचं त्यांचं एक तंत्र आहे. आधी बोटानं टकटक करून कान लावतात. मग शिसपेन्सिलीनं बारीक फुली. लांब जाऊन बघतात, फुली पुसतात, पुन्हा काढतात. इतक्यांदा, की मी एकदा वैतागून म्हटलं, ‘भाऊ, फोटोच लावायचा आहे, देऊळ नाही बांधायचं.’ ते म्हणाले, ‘भोक पडलं की पडलं. आधी पेन्सिलीनं.’ आणि मग, ड्रिलचं टोक बदलता बदलता, मी न विचारताच सांगितलं. औशाजवळ गाव. १९९३ला ते दहावीत. गणपती बोळवून सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या आत भूकंपाचा तो आवाज. त्यांचं घर पडलं नाही, तडा गेला. वडील नंतर कितीतरी महिने आत झोपले नाहीत, आणि कोणी भिंतीला खिळा ठोकायला लागलं की उठून बाहेर जायचे. ‘त्या दिवशी गच्चीवर,’ ते म्हणाले आणि पुढे काही बोलले नाहीत. मशीन सुरू केलं. मी खाली कागद धरून उभा राहिलो, भिंतीचा लालसर भुसा त्यात पडत होता.

एवढं सगळं होऊनही आम्ही एकमेकांना नावानं हाक मारत नाही. मी भाऊ म्हणतो, ते नागपूरकर म्हणतात. लेक काका म्हणते. एकदा त्यांचा फोन सोफ्यात कुठेतरी हरवला म्हणून मी माझ्या फोनवरून रिंग दिली. उशीखाली उजेड पडला. पडद्यावर लिहिलेलं: कूलर ४०२.

यंदाही जूनमध्ये फॉर्म आला. बायकोनं सगळा भरून माझ्यापुढे सरकवला. तो रकाना कोरा.

‘दादाचं नको आता,’ ती म्हणाली. ‘भाऊंचं घाल. पूर्ण नाव काय त्यांचं?’

आडनाव माहीत होतं. नाव बहुधा अमुक असावं. वडिलांचं नाव? मी फॉर्म आणि पेन घेऊन सातव्या मजल्यावर गेलो. दार उघडंच होतं, कुकरची शिट्टी होत होती. त्यांनी चष्मा लावला, फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला, लेकीचा रक्तगट वाचून ‘अरे, माझाच की’ म्हणाले. मग टेबलाशी बसून स्वतःच्या हातानं आपलं पूर्ण नाव लिहिलं. सुवाच्य, लातूरच्या शाळेतलं वळणदार अक्षर. मोबाइल नंबर लिहिला. तिसऱ्या चौकटीशी पेन थांबलं.

‘इथे काय लिहू?’

‘लिहा काहीतरी.’

त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा चौकटीकडे. पेनाला टोपण लावलं आणि माझ्या हातात परत दिलं.

‘थांबा जरा,’ असं म्हणून ते उठले आणि खणात पेन्सिल शोधायला लागले.